सारखी जळणारी दारू

निगडी, तळवडे, रुपीनगर, किवळे या बाजूला जागा बघायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न पाण्याचा नसतो, रस्त्याचाही नसतो. ‘रेड झोनमध्ये येतं का?’ हा असतो. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती 2000 यार्डांची, म्हणजे सुमारे 1.8 किलोमीटरची हद्द आखलेली आहे आणि तिच्यावरून वर्षानुवर्षं मोर्चे, कोर्टकज्जे आणि निवडणुकीची आश्वासनं चालू आहेत. पिंपरी-चिंचवडकराची दारूगोळ्याशी ओळख झाली ती अशी, सातबाऱ्यावरून.

पण ही हद्द रायफलच्या काडतुसांसाठी नाही. ती तोफगोळे, बॉम्ब असल्या, एकदम फुटणाऱ्या मालासाठी आहे. रायफलच्या काडतुसांची पेटी आगीत सापडली, तर काडतुसं एकेक करत तडतडतात, आख्खी पेटी एका दणक्यात उडत नाही. म्हणून स्फोटकांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत या काडतुसांना सगळ्यात सौम्य अशा ‘1.4 एस’ गटात टाकलेलं आहे. कारण साधं आहे. काडतुसातली दारू फुटत नाही, जळते. फार वेगाने जळते, पण जळतेच. नेमबाजाच्या दृष्टीने सगळी गोम या जळण्यात आहे. ते किती जोरात होतं यापेक्षा दर वेळी सारखं होतं का, हा प्रश्न मोठा.

आजच्या काडतुसात जी धूर न करणारी पावडर असते, तिचा पाया म्हणजे नायट्रोसेल्युलोज. कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की तो दिसायला कापूसच राहतो, पण जळायला लागणारा ऑक्सिजन त्याच्या रेणूतच येऊन बसतो. त्याला बाहेरच्या हवेची गरज उरत नाही. 1884 मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने हा कापूस द्रावकात मळून, लाटून, कापून त्याची रायफलीत चालेल अशी पावडर केली आणि काळ्या दारूचं राज्य संपलं. नुसत्या नायट्रोसेल्युलोजची ती सिंगल बेस पावडर आणि त्यात नायट्रोग्लिसरीन घातलं की डबल बेस. गंमत अशी की एक ग्रॅम पावडरीतून मिळते जेमतेम 4 किलोज्यूल ऊर्जा. एक ग्रॅम साजूक तुपात याच्या नऊपट असते. तूप जाळून गोळी उडत नाही, कारण ते आपली ऊर्जा सावकाश देतं. पावडर तीच देणी मिलिसेकंदात चुकती करते.

हा मिलिसेकंद नीट बघण्यासारखा आहे. चाप ओढला, काडतुसाच्या तळाशी बसवलेली टोपी पेटली, तिची ज्योत पावडर भरलेल्या पुंगळीत शिरली आणि दाणे पृष्ठभागावरून आत जळू लागले. वायू झाला, दाब वाढला. दाब वाढला की जळणं आणखी वेगाने होतं, म्हणजे दाब आणखी वाढतो. तेवढ्यात गोळी पुंगळीच्या गळ्यातून सुटून नळीतल्या पीळदार आट्यांत शिरते, मागची जागा वाढते आणि चढता दाब थोपवला जातो. 7.62 मिलिमीटरच्या रायफलीत हा दाब 4000 बारच्या घरात जातो आणि गोळी तोंडातून सुमारे 800 मीटर प्रतिसेकंद वेगाने बाहेर पडते. पुंगळीतली पावडर असते तीन ग्रॅमच्याही आत. तिच्या ऊर्जेपैकी गोळीच्या वाट्याला येतो तिसरा हिस्सा. बाकीची उष्णता होते, आवाज होते, नळी तापवते.

पावडर ‘जलद’ की ‘मंद’ हे ठरतं दाण्याच्या आकारावर, मापावर आणि त्याच्या लेपावर. दाणा बारीक असेल तर एकूण पृष्ठभाग जास्त, म्हणून जळणं जलद. नळीच्या आकाराचा, मधे आरपार भोक असलेला दाणा घेतला, तर बाहेरून तो झिजत जातो आणि आतलं भोक मोठं होत जातं. एकूण जळता पृष्ठभाग साधारण तेवढाच राहतो. म्हणून रायफलीच्या पावडरीत हा आकार फार चालतो. दाण्याच्या बाहेरच्या थरात जळणं मंदावणारं रसायन मुरवतात, म्हणजे गोळी जागची हलायच्या आतच दाब शिगेला पोचत नाही. वरून ग्रॅफाइटचा हात, त्यामुळे दाणे एकमेकांना न चिकटता वाहतात आणि स्थिर विजेची भीती कमी होते. पावडरीला ती काळसर चकाकी येते ती यामुळेच.

निवडीची पहिली पायरी इथेच ठरून जाते. पुंगळी मोठी, गोळी जड आणि नळीचं भोक लहान, तर मंद पावडर. पुंगळी लहान, गोळी हलकी, तर जलद. पिस्तुलाची जलद पावडर रायफलीच्या पुंगळीत चुकून भरली, तर अचूकता राहिली बाजूला, रायफल आणि ती धरणारा दोघांचीही खैर नसते. त्यामुळे ज्या देशांत काडतुसं स्वतः भरायला परवानगी आहे, तिथेही पावडर बनवणाऱ्या कंपनीने छापलेल्या तक्त्याबाहेर कुणी शहाणा माणूस जात नाही. तक्त्यातून चार-पाच योग्य पावडरी निघतात. अचूकतेचा खरा शोध सुरू होतो तो या चार-पाचांत.

तो समजायला खडकीला जायला हवं. हॅरिस पूल ओलांडून दापोडीत आलं की पिंपरी-चिंचवड सुरू होतं. पुलाच्या अलीकडे, खडकीत, 1869 पासून अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी उभी आहे. चाकणला पहिली मोटार तयार व्हायच्या शंभराहून अधिक वर्षं आधी या भागात एकाच मापाचा माल लाखांनी काढण्याची विद्या आली ती इथे. शेजारी 1940 मध्ये हाय एक्स्प्लोझिव्हज फॅक्टरी आली, पाषाणला शस्त्रं आणि स्फोटकांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळा आल्या. ऑक्टोबर 2021 पासून खडकीचा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये आहे. जुन्या .303 रायफलीच्या पुंगळीच्या तळावर ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरं दिसली, तर ती खडकीचीच, ‘किर्की फॅक्टरी’ची.

त्या .303 मध्ये बराच काळ दाणेदार पावडर नव्हतीच. होतं कॉर्डाइट, म्हणजे दोऱ्यासारख्या लांब कांड्या. या कांड्यांची जुडी आयत्या पुंगळीच्या अरुंद गळ्यातून आत जाणार कशी? म्हणून पुंगळी सरळ असतानाच जुडी आत सरकवायची, वर पुठ्ठ्याची चकती ठेवायची आणि मग प्रेसवर पुंगळीचा गळा आवळायचा. भरलेल्या पुंगळीवर प्रेस मारायचा हा प्रकार आजच्या सेफ्टी ऑफिसरला ऐकवणार नाही, पण अनेक वर्षं तो बिनबोभाट चालला. भारतात कॉर्डाइट करण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी निलगिरीत अरवंकाडूला स्वतंत्र कारखाना काढला गेला.

कॉर्डाइटच्या पहिल्या नमुन्यात नायट्रोग्लिसरीन 58 टक्के, स्फोटक कापूस 37 टक्के आणि व्हॅसलीन 5 टक्के होतं. जोर भरपूर, पण ज्वाळ इतकी तप्त की नळीचे आटे सुरुवातीलाच खाल्ले जात. आटे गेले की गोळीला नीट पीळ बसत नाही आणि नेम जातो. म्हणून बोअर युद्धाच्या सुमारास मिश्रण उलटं केलं: कापूस 65, नायट्रोग्लिसरीन 30, व्हॅसलीन तेवढंच. ताकद थोडी कमी झाली, नळ्या टिकू लागल्या. पावडर निवडताना आज जी ओढाताण होते, ती सगळी या एका बदलात आहे. डबल बेस पावडर त्याच जागेत जास्त वेग देते, पण नळी लवकर खाते आणि बहुधा तापमानाला अधिक हळवी असते. नळी बदलायचा खर्च ज्याच्या खिशातून जातो, तो शेवटच्या 20 मीटर वेगाचा मोह धरत नाही.

कारखाना आणि एकटा नेमबाज पावडर वेगवेगळ्या निकषांवर निवडतात, हे मात्र फार जणांच्या लक्षात येत नाही. कारखान्याला लाखो काडतुसं भरायची असतात. यंत्रातून झरझर वाहणारी, गोल दाण्यांची बॉल पावडर त्याला सोयीची. पावडरीचा नवा लॉट आला की तो आधी प्रूफ रेंजवर झाडून बघायचा, ठरलेला वेग मिळतो का आणि दाब हद्दीत राहतो का ते मोजायचं आणि त्यावरून त्या लॉटपुरतं वजन ठरवायचं. म्हणजे कारखाना पावडरीचं वजन कायम ठेवत नाही, वेग आणि दाब कायम ठेवतो. शिवाय राजस्थानच्या उन्हात आणि सियाचीनच्या थंडीत काडतूस उडालंच पाहिजे. एका भोकात दहा गोळ्या जाव्यात ही त्याची अट नसतेच.

नुसती पावडर बदलली तर काय होतं, याचा मोठा धडा अमेरिकेने व्हिएतनाममध्ये घेतला. एम-16 रायफल तयार झाली होती लांबट दाण्यांच्या पावडरीवर. पुढे त्याच काडतुसात बॉल पावडर भरली जाऊ लागली. वेग तोच, गोळी तीच. पण रायफलीचा गोळ्या झाडण्याचा दर वाढला, आत काजळी साचू लागली आणि सैनिकांच्या हातात रायफली अडकू लागल्या. क्रोमचा मुलामा नसलेला चेंबर आणि साफसफाईची हयगय ही कारणंही त्यात होतीच. तरी 1967 मध्ये संसदीय समितीने चौकशी केली तेव्हा पावडरीच्या बदलावर चांगलंच बोट ठेवलं. वेगाचा एक आकडा जुळला म्हणजे दोन पावडरी सारख्या ठरत नाहीत.

आता अचूकतेकडे येऊ. समजा, 7.62 च्या मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, काडतुसाचा सरासरी वेग 800 मीटर आहे आणि एका काडतुसाला 10 मीटर कमी पडले. 300 मीटरवर ही गोळी बाकीच्यांपेक्षा दोन-सव्वादोन सेंटीमीटर खाली लागेल. तिथे दहाचं वर्तुळ 10 सेंटीमीटर व्यासाचं असतं, म्हणजे निभावून जाईल. पण 600 मीटरवर हाच फरक दहा-बारा सेंटीमीटरचा होतो. अंतर दुप्पट, चूक पाचपट. म्हणून लांब पल्ल्याचा नेमबाज सरासरी वेगापेक्षा वेगाच्या प्रमाण विचलनाकडे डोळे लावून बसतो. भोसरी-चाकणच्या क्वालिटी विभागात काम केलेल्याला हे समजवायची गरज नाही. शाफ्टचा सरासरी व्यास बरोबर येऊन काय उपयोग, पसारा मोठा असेल तर माल रिजेक्टच होतो.

हा पसारा कमी करायला काय लागतं? एक म्हणजे पुंगळी बहुतेक भरेल इतकी पावडर. पुंगळी अर्धी रिकामी असेल, तर रायफल वर-खाली झाली की पावडर कधी टोपीपाशी, कधी गोळीपाशी साचते आणि पेटण्याची तऱ्हा दर वेळी बदलते. म्हणून अशी पावडर शोधायची की हवा तो वेग मिळेपर्यंत पुंगळी जवळजवळ गळ्यापर्यंत भरेल. दुसरं म्हणजे वजन. पावडर मोजतात ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे 64.8 मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या साधारण निम्मा. लांब दाण्यांची पावडर मापातून ओतताना अडते, दाणे कापले जातात आणि वजन पुढे-मागे होतं. म्हणून मॅचची काडतुसं भरणारा प्रत्येक माप तराजूवर घालतो. बॉल पावडर मापातून छान वाहते, पण तिच्यातल्या बऱ्याचशा पेटायला जड असतात आणि हवा तापली की जास्त बदलतात. अचूकतेच्या शर्यतीत म्हणूनच सहसा बारीक कापलेल्या नळीदार दाण्यांची पावडर पुढे असते. फिनलंडच्या विहतावुओरी कारखान्याची एन-133 ही बेंचरेस्टवाल्यांची, म्हणजे रायफल बाकावर टेकवून झाडणाऱ्यांची, कित्येक वर्षांची लाडकी आहे ती 6 पीपीसी नावाच्या बुटक्या पुंगळीत, आणि ती लाडकी असण्यात तिच्या जोरापेक्षा त्या पुंगळीशी जमलेल्या मापाचा वाटा मोठा आहे.

तापमानाचं प्रकरण आपल्याकडे तर फारच जाणवावं असं आहे. डिसेंबरात तळेगाव-चाकणला सकाळी पारा 10-12 अंशांवर असतो, एप्रिल-मेच्या दुपारी 40 गाठतो. साध्या पावडरीत दर अंशामागे ढोबळमानाने अर्धा मीटर वेग बदलतो असं धरलं, तरी हिवाळा आणि उन्हाळा यांत 14 मीटरचा फरक पडला. दाबही वाढतो, हिवाळ्यात हद्दीला टेकलेलं काडतूस उन्हाळ्यात हद्द ओलांडतं. तापल्या नळीत काडतूस मिनिटभर राहिलं तरी आतली पावडर गरम होते. यावर उतारा म्हणून ऑस्ट्रेलियात मुलवालाच्या कारखान्यात तापमानाला फारशी दाद न देणाऱ्या पावडरी तयार होऊ लागल्या आणि अमेरिकेत हॉजडन कंपनीच्या नावाने त्या खपतात. पुण्याच्या हवेत माझी पसंती अशाच पावडरीला असती, मग ती कागदावर थोडी कमी वेगवान का असेना.

चार पावडरींतली एक ठरली, की वजन ठरवायचं. रूढ पद्धत अशी: तक्त्यातल्या किमान वजनापासून सुरुवात करून ग्रेनच्या पाचव्या-दहाव्या हिश्श्याने वाढवत जायचं, प्रत्येक पायरीला तीन गोळ्या झाडायच्या आणि जिथे तिन्ही गोळ्या चिकटून बसतात ती जागा पकडायची. गोळी सुटताना नळी थरथरते. योग्य वजनाला गोळी थरथरीच्या शांत क्षणी बाहेर पडते, असं यामागचं तर्कशास्त्र सांगितलं जातं. थरथर खरी आहे. तीन गोळ्यांवरून ती पकडता येते, हे मात्र मला पटत नाही. हिशोबच बघा. तीन गोळ्यांच्या वेगाचं प्रमाण विचलन 5 मीटर आलं, तर खरं विचलन 95 टक्के खात्रीने सांगायचं झालं तर 2.6 ते 31 मीटर यांच्या दरम्यान कुठेही असू शकतं. दहा गोळ्यांवर तोच आकडा आला, तर 3.4 ते 9.1. तीन गोळ्यांच्या ग्रुपवर हुरळून पावडर बदलणारे लोक बहुतेकदा योगायोगच बदलत असतात. दोन पावडरींची तुलना दहा-दहा, जमलं तर वीस-वीस गोळ्यांवर करावी.

हे सगळं वाचून कुणी घरी बैठक मांडणार असेल तर त्याने थांबावं. 1959 च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंही येतात, आणि परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे. स्फोटकांचे परवाने ज्यांच्या हातात आहेत त्या केंद्रीय यंत्रणेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. जर्मनीतसुद्धा काडतूस भरायला प्रशिक्षण घेऊन वेगळा परवाना काढावा लागतो. आपल्याकडचा सामान्य नेमबाज या वाटेला जात नाही. त्याच्या वाट्याला येते ती .22.

वाकडहून पुण्याकडे निघालं की बायपासलगत बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल लागतं. 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारलेल्या या संकुलातल्या रेंजवर महाराष्ट्राचे किती नेमबाज घडले, ते मोजत बसायला नको. शाळकरी पोरं झाडतात ती 10 मीटरची एअर रायफल. तिच्यात दारूच नसते, दाबाखालची हवा असते. पुढे 50 मीटरला .22 येते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला 597 गुण घेऊन जगज्जेतेपद मिळवलं ते 50 मीटर प्रोनमध्ये, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी 451.4 गुणांवर ऑलिंपिक कांस्य घेतलं ते 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये. दोन्ही पदकं .22 च्या काडतुसांवरची.

.22 चं काडतूस पुन्हा भरता येत नाही. त्याची टोपी वेगळी नसते. पेटणारं रसायन पुंगळीच्या काठातच फिरवून बसवलेलं असतं आणि आघाताने तो काठ चेपला जातो. पावडर असते एखाद-दुसरा ग्रेन. गोळीचा वेग 330 मीटरच्या आसपास, ध्वनीच्या जरासा खाली. एवढी हळू गोळी 50 मीटर जाईस्तोवर 12 सेंटीमीटर खाली येते, त्यामुळे इथे 10 मीटरचा फरक पडला तर गोळी 7 मिलिमीटर खाली-वर जाते. दहाचं वर्तुळ आहे 10.4 मिलिमीटरचं, आणि अंतिम फेरीत दशांशावर पदक ठरतं. चांगल्या लॉटमध्ये वेगाचा फरक याहून बराच कमी असतो, पण तो ‘चांगला लॉट’ आधी सापडायला हवा.

म्हणून पावडर निवडायची सोय नसलेला नेमबाज लॉट निवडतो. इंग्लंडची एली, फिनलंडची लापुआ या कंपन्यांच्या चाचणी केंद्रांत रायफल घेऊन जायचं. तिथे रायफल पोलादी शिकंज्यात घट्ट आवळतात, म्हणजे माणसाचा हात, श्वास, डोळा सगळं बाजूला. मग एकाच ब्रँडचे, एकाच किमतीचे वेगवेगळे लॉट एकामागून एक झाडायचे, प्रत्येकाच्या दहा गोळ्या, कधी त्याहून जास्त. समोर पडद्यावर भोकं उमटत जातात. एका लॉटच्या दहाही गोळ्या मिळून करंगळीच्या नखाएवढं एकच भोक करतात. पुढच्या लॉटच्या नऊ त्याच भोकात जातात आणि दहावी उगाचच खाली जाऊन बसते. काडतूस तेच, कारखाना तोच, पावडरही बहुधा तीच. शेजारच्या बाकावर दुसऱ्याची रायफल असते आणि तिला नेमका हा नापास लॉट मानवतो. कारण नळी, चेंबर, पावडरीचं ते मिश्रण आणि गोळीवरचं मेण यांचं गणित प्रत्येक रायफलीत वेगळं सुटतं, आणि ते कागदावर आधी सोडवता येत नाही.

पसंत पडलेला लॉट मग पैसे परवडतील तितका एकदम उचलायचा, हंगामभर पुरेल असा. आयातीचे कागद, कस्टम्स, परवान्यावरचा कोटा या सगळ्यातून तो पुण्यात पोचेपर्यंत महिने जातात. सरावाला स्वस्त काडतूस वापरून हा लॉट स्पर्धेसाठी राखायचा, थंड आणि कोरड्या जागी ठेवायचा, आणि डब्यावरचा लॉट नंबर वहीत लिहून ठेवायचा. कधीतरी तो संपतोच. कंपनीकडे तोपर्यंत त्या नंबरचा एकही डबा उरलेला नसतो, आणि नेमबाज पुन्हा शिकंज्यापाशी जातो.